हेलन केलर यांचे न झालेले लग्न

हेलन केलर म्हटले की शाळेच्या पुस्तकातली लहान मुलगी आठवते. एका हातावर पंपाचे पाणी आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘पाणी’ हा शब्द उमटवणाऱ्या बाई, ॲन सुलिव्हन. ही मुलगी पुढे प्रेमात पडली होती, हे पुस्तकात नसते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८० मध्ये हेलन यांचा जन्म झाला. १९ महिन्यांच्या असताना आलेल्या आजाराने त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. तरीही १९०४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९०७ मध्ये त्यांनी महिलांच्या एका मासिकात नवजात बाळांच्या अंधत्वावर लिहिले. आईला गुप्तरोग असल्यास प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना त्याचा संसर्ग होतो. जन्मताच औषधाचे थेंब घातले तर दृष्टी वाचते. सभ्य घरांत तेव्हा हा विषय निघतही नसे.

१९१६ मध्ये ॲन आजारी पडल्या आणि पीटर फॅगन हा तरुण पत्रकार सेक्रेटरी म्हणून मदतीला आला. तळहातावर अक्षरे उमटवायला तो शिकला होता. दोघांचे प्रेम जमले. हेलन तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या. लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केल्याची बातमी छापून आली आणि आई संतापली. फॅगनला घराबाहेर काढण्यात आले, हेलन यांना सगळे नाकारावे लागले. पुढे बहिणीच्या घरून पळून जाण्याचा बेत ठरला. चरित्रकार सांगतात, की हेलन रात्री ओसरीवर वाट पाहत राहिल्या. तो आला नाही.

त्यांनी लग्न केले नाही. १९२९ च्या आत्मचरित्रात मात्र या प्रेमाचा पश्चात्ताप नसल्याचे लिहिले. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या ओपीडीत आजही दिव्यांग तरुणी येते तेव्हा पाळीबद्दलचे प्रश्नसुद्धा सोबतच्या नातेवाइकांना विचारले जातात. लग्नाचा विषय निघालाच, तर ‘हिला काय करायचंय?’ असे उत्तर मिळते. डोळे, कान किंवा पाय अधू असल्याने शरीराची ओढ संपत नाही, आणि बहुतेकींना मूलही होऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याची हमी दिली आहे. तिच्या संमतीशिवाय नसबंदी करता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात तिला स्वतः बोलू द्या. आम्हा डॉक्टरांनीही प्रश्न तिलाच विचारावा.