ऑगस्ट होर्ख : आडनाव गमावलेला मोटारकर्ता

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ऑडी ए-६' ही आलिशान सेदान संपूर्ण नव्या रूपात भारतीय बाजारात दाखल झाली. डॅशबोर्डवरील बटणांची गर्दी हटली होती आणि त्या जागी एकाखाली एक असे दोन टचस्क्रीन आले होते. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन २४५ अश्वशक्ती देत होते. या मोटारीची जुळणी होत होती ती शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील स्कोडाच्या कारखान्यात. छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद या नावाने ओळखले जात असताना, २००७ च्या अखेरीस, याच कारखान्यात ए-६ च्याच जुळणीने ऑडीचे भारतातील उत्पादन सुरू झाले होते. आलिशान मोटारींचे या शहराला वावडे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील ग्राहकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्या, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली होती. मात्र शेंद्र्याहून निघणारी ही सेदान ज्या नावाने विकली जाते, ते नाव तिच्या मूळ पुरुषाने हौसेने निवडलेले नव्हते. स्वतःचे आडनाव वापरण्यास न्यायालयाने मनाई केल्यामुळे ते त्याला घ्यावे लागले.

ऑगस्ट होर्ख यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६८ रोजी जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या विनिंगेन या गावी, लोहाराच्या घरात झाला. द्राक्षमळ्यांच्या या गावात वडिलांच्या भात्याशेजारीच त्यांचे पहिले शिक्षण झाले. कारागिराने गावोगाव फिरून काम शिकावे, अशी जर्मनीत जुनी रीत होती. तिला अनुसरून तरुण होर्ख थेट बाल्कन प्रदेशापर्यंत भटकले. परतल्यावर सॅक्सनीतील मिटवायडा येथील तंत्रविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

१८९६ मध्ये ते मानहाइम येथे कार्ल बेंझ यांच्याकडे रुजू झाले आणि लवकरच मोटारबांधणी विभागाचे प्रमुख झाले. याहून चांगली शाळा त्या काळी जगात दुसरी नव्हती. पण बेंझ स्वभावाने सावध होते, जमलेली घडी मोडण्यास नाखूष होते. होर्ख यांच्या डोक्यात तर वेगळीच मोटार होती. तीन वर्षांनी ते बाहेर पडले आणि १४ नोव्हेंबर १८९९ रोजी कोलोन येथे त्यांनी 'होर्ख' ही कंपनी स्थापन केली.

त्या काळातील बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पट्ट्याने किंवा साखळीने पोहोचत असे. पट्टे घसरत, साखळ्या खडखडत, धूळ आणि चिखल त्यांत अडकत असे. होर्ख यांनी इंजिन पुढे बसवले. पुढे साखळीऐवजी फिरणाऱ्या दांड्याने, म्हणजे आज ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात त्याने, मागची चाके फिरवली. इंजिनाच्या कवचासाठी हलका मिश्रधातू आणि गिअरच्या चक्रांसाठी क्रोम-निकेलचे पोलाद त्यांनी वापरले. इंजिनाची थरथर कमी कशी होईल, याचा त्यांना ध्यासच लागलेला होता. आज आलिशान सेदानच्या आतली शांतता गृहीत धरली जाते, पण त्या काळी मोटार शांत असावी ही अपेक्षाच मुळात नवी होती.

भांडवलाच्या शोधात कारखाना आधी राइखेनबाखला आणि १९०४ मध्ये झ्विकाऊला गेला. तेथे कंपनी भागधारकांची झाली. दुखण्याचे मूळ इथेच होते. १९०६ मध्ये हेर्कोमर या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत होर्ख मोटार पहिली आली, तेव्हा सारे खूश होते. पुढच्या स्पर्धांत सहा सिलिंडरच्या मोटारीने निराशा केली आणि संचालकांचा सूर बदलला. प्रयोगांवर पैसा खर्च करावा की नाही, यावरून वाद विकोपाला गेला. जून १९०९ मध्ये होर्ख यांना आपल्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले.

महिन्याभरातच त्यांनी त्याच गावात दुसरा कारखाना काढला आणि त्यालाही आपलेच नाव दिले. जुन्या कंपनीने दावा ठोकला. नाव ही कंपनीची मालमत्ता ठरली आणि निकाल होर्ख यांच्या विरोधात गेला. नवे नाव शोधण्यासाठी भागीदार फ्रान्त्स फिकेन्त्शर यांच्या घरी बैठक बसली. खोलीच्या कोपऱ्यात फिकेन्त्शर यांचा शाळकरी मुलगा हाइनरिख लॅटिनचा अभ्यास करत होता. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालावे की नाही, या विवंचनेत तो बराच वेळ अवघडून बसला होता. अखेर न राहवून त्याने तोडगा सांगितला. होर्ख या शब्दाचा जर्मनमध्ये अर्थ होतो ऐक. त्यालाच लॅटिनमध्ये म्हणतात ऑडी. अर्थ तोच आणि कायद्याची अडचणही नाही! एप्रिल १९१० मध्ये हे नाव कंपनीला मिळाले.

नव्या मोटारीची कसोटी होर्ख यांनी स्वतःच घेतली. १९११ च्या ऑस्ट्रियातील आल्प्स स्पर्धेत ते स्वतः चाकावर बसले आणि एकही दंडगुण न घेता घाट पार केले. १९१२, १९१३ आणि १९१४ अशी सलग तीन वर्षे ऑडीच्या चमूने ही स्पर्धा जिंकली.

१९२० मध्ये ते ऑडीतूनही बाजूला झाले आणि बर्लिनला मोटार उद्योगाचे तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९३२ मध्ये मंदीच्या तडाख्यात ऑडी, होर्ख, डीकेडब्ल्यू आणि वांडरर या चार कंपन्या 'ऑटो युनियन' म्हणून एकत्र आल्या. चार कड्यांचे चिन्ह तेव्हाचे. त्यांतील दोन कडी एकाच माणसाची होती, आणि त्यालाही कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर घेतले गेले. १९३७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

महायुद्धाचा काळ मात्र काळवंडलेला आहे. ऑटो युनियनच्या कारखान्यांत छळछावण्यांतील कैद्यांना राबवले गेले. झ्विकाऊचा होर्ख कारखानाही त्यातून सुटला नाही. ऑडीनेच करवून घेतलेल्या अभ्यासातून २०१४ मध्ये हे सविस्तर समोर आले. होर्ख तेव्हा पंचाहत्तरीत होते, पण आडनाव त्यांचेच होते.

१९४५ मध्ये झ्विकाऊ सोव्हिएत ताब्यात गेले, कारखान्यांतील यंत्रे उचलली गेली, आणि वृद्ध होर्ख पश्चिमेकडे बव्हेरियातील म्युन्शबेर्गला जाऊन राहिले. तेथेच ३ फेब्रुवारी १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. विनिंगेनला त्यांचे दफन झाले. त्या दिवशी जगात ऑडी नावाची एकही मोटार तयार होत नव्हती. झ्विकाऊत तयार होणाऱ्या मालमोटारींवर मात्र होर्ख हे नाव होते. ऑडीचे नाव परत आले ते १९६५ मध्ये, फोक्सवॅगनच्या छत्राखाली, इंगोलश्टाट येथे. झ्विकाऊतील ऑडीच्या जुन्या कारखान्यात आता मोटारींचे संग्रहालय आहे; त्याचे नाव ऑगस्ट होर्ख संग्रहालय.