जळगावी पहिले धडे, पुढे 'गंधर्व'चा डोलारा

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे. त्यामागे कलावंताच्या गौरवाबरोबरच एक जुना ऋणानुबंधही आहे. २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांच्या बालपणाचा काही काळ याच गावात गेला आणि गाण्याचे प्रारंभीचे धडे त्यांनी येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. पुढे पुण्यात या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' ही उपाधी दिली, असे सांगितले जाते.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी दगावली. तरीही प्रयोग थांबला नाही. दुःख बाजूस सारून ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले.

आजच्या रॉक बँडमध्ये फूट पडून नवे बँड जन्मास येतात, तसेच तेव्हा नाटक मंडळ्यांचे होत असे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. १९१६ मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींनी नटलेले 'स्वयंवर' आले, १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. नाट्यपदे घरोघरी पोहोचली आणि बालगंधर्वांची वेशभूषा स्त्रियांनाही अनुकरणीय वाटू लागली.

भागीदारी मात्र टिकली नाही. आधी टेंबे आणि नंतर बोडस दूर झाले. संपूर्ण भार बालगंधर्वांवर आला. भरजरी शालू, उंची अत्तरे, थिरकवाँसारखे साथीदार यांत त्यांनी कधी काटकसर केली नाही. परिणामी मंडळी कर्जाच्या खाईत गेली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले. स्वतःच्या मंडळीवर कर्ज असतानाचे हे औदार्य होते. हे कर्ज पुढे नाटकांच्या उत्पन्नातूनच फिटले.

बोलपट आल्यावर मात्र नाटकांचा प्रेक्षक ओसरला. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु मन रमले नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय वाढले, वैभव सरले, पण गाणे सुटले नाही. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जिच्यासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, ती मंडळी त्यांच्या हयातीतच इतिहासजमा झाली होती. त्यांची गायकी मात्र आजही नाट्यसंगीताच्या प्रत्येक मैफलीत ऐकू येते. तिची मुळाक्षरे त्यांनी खानदेशात गिरविली होती.