केरूनाना आणि हलणारी सुई

श्रीगोंद्याला आमच्या स्वयंपाकघरात पंचांगवालं कॅलेंडर टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, ग्रहण कधी लागणार, यंदा अधिक महिना आहे का, आई सगळं त्यात बघते. हे आकडे येतात कुठून, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी अंतराळयानांबद्दल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता भलत्याच माणसापाशी पोचलो. केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणायचे.

आधी यानाचं सांगतो. 5 मार्च 1979 ला व्हॉयेजर 1 गुरू ग्रहाजवळून गेलं. थांबलं नाही, फक्त बाजूनं निघून गेलं. त्याच्यावर इंग्रजी व्हीच्या आकारात दोन अँटेना होत्या, प्रत्येकी 10 मीटर लांब. त्यांचं काम प्लाझ्मातल्या लहरी मोजणं. प्लाझ्मा म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचा वायू. सूर्यापासून तो सतत वाहत असतो, ग्रहाच्या चुंबकीय कवचावर आदळतो आणि तिथं लहरी उठतात. या लहरींची कंपनं आपल्या कानाला ऐकू येतील अशा पट्ट्यातली असल्यामुळे त्यांचा सिग्नल स्पीकरला जोडला तर चक्क आवाज येतो. गुरूजवळ वरून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्या मिळाल्या आणि त्यावरून कळलं की गुरूवरही विजा कडाडतात. भारीच ना?

पण सूर्याचा हा मारा माणसानं सगळ्यात आधी टिपला तो आपल्याच ग्रहावर, आणि तोही यान वगैरे काही नसताना. साधन होतं धाग्याला टांगलेला लोहचुंबक. सूर्याकडून जोराचा लोट आला की पृथ्वीभोवतीचे विद्युतप्रवाह बदलतात आणि इथं जमिनीवर तो चुंबक किंचित हलतो. त्याचं हलणं दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून हे काम नियमित सुरू झालं. केरूनाना तिथं सहायक म्हणून लागले ते साधारण याच वेळी. वय तेव्हा जेमतेम सोळा-सतरा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीचं.

ते मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. शिकायला मुंबईला आले आणि एल्फिन्स्टनमध्ये त्यांना बाळशास्त्री जांभेकर आणि ऑर्लेबार असे शिक्षक मिळाले. वेधशाळेची जबाबदारी ऑर्लेबारसाहेबांकडे होती, त्यांनीच या मुलाला उचललं. पगार महिना 50 रुपये. त्या काळी ही रक्कम काही कमी नव्हती, पण काम बघा. ठरलेल्या वेळेला उठून वेध घ्यायचे. रात्र असो, पाऊस असो, आकडा चुकवायचा नाही. आणि तो आकडा नेमकं काय सांगतोय हे तेव्हा जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. प्लाझ्मा हा शब्दसुद्धा या अर्थानं पुढे विसाव्या शतकात आला. अशी दहाएक वर्षं त्यांनी काढली. मला विचाराल तर केरूनानांची खरी डिग्री हीच.

1851 मध्ये ते पुण्याला गेले आणि शिकवू लागले. त्यांच्या नशिबातली एक हुरहुर लावणारी गोष्ट अशी की सगळ्यात मोठी घटना ते गेल्यावर घडली. 2 सप्टेंबर 1859 ला कुलाब्यातल्या चुंबकानं जी उडी मारली, ती आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्यात मोठ्या सौर वादळाची. चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लानं घसरलं. जगातल्या बऱ्याच वेधशाळांची नोंद त्या दिवशी पट्टीबाहेर गेली, कुलाब्याची मात्र हाती राहिली. आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर ठरवताना तीच नोंद काढून बसतात.

पुण्यात केरूनानांनी मराठीत अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली. सूर्यावरच्या डागांचा इथल्या हवामानाशी काय संबंध, यावर निबंध लिहिला. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेल्यांत बाळ गंगाधर टिळक होते. पण त्यांनी खरा पंगा घेतला तो पंचांगाशी.

त्या वेळची बहुतेक पंचांगं ‘ग्रहलाघव’वरून व्हायची. हा ग्रंथ 1520 च्या सुमारास नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी रचला. गणित सोपं करणारा म्हणून तो प्रचंड चालला, पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या आणि छापलेली ग्रहस्थिती आकाशात दिसेनाशी झाली. केरूनानांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे, पण मराठीत. मग 1865 पासून नव्या गणिताचं पंचांग सुरू केलं. आबासाहेब पटवर्धनांनी पाठबळ दिलं, म्हणून ते पटवर्धनी पंचांग.

ग्रहणाच्या वेळा बरोबर येतात यावर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं राशीचक्र कुठून सुरू करायचं यावर. केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा आरंभ धरला. त्यामुळे संक्रांत चारएक दिवस आधी येऊ लागली आणि अधिक महिना कधी कधी वेगळाच निघू लागला. आता अधिक महिना बदलला की पुढचे सणच महिनाभर सरकतात! लोकांनी पाठ फिरवली. घरच्या गणपतीची तारीख बदला म्हणून आज कुणी सांगितलं तर आपण तरी ऐकू का? दुसऱ्या बाजूनं बघितलं तर केरूनानांनी हा हट्ट थोडा सोडला असता तर त्यांचं पंचांग घरोघरी गेलं असतं, असं मला वाटतं. त्यांनी सोडला नाही. ताऱ्यांचे वेध आणि लोकांची सोय यांत त्यांनी वेध निवडले. पुढे टिळकांनी हीच रेवतीची बाजू धरली. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत 10 जानेवारीच्या सुमाराला असते आणि एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो.

1877 मध्ये सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. 1879 ला ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 ला गेले.

कुलाब्याच्या चुंबकाचं पुढे काय झालं? मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार होत्या. म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली. ती अजून सुरू आहे. मे 2024 मध्ये लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला आणि आपल्या सगळ्यांच्या स्टोरीवर ते फोटो फिरले, तेव्हा सूर्याकडून आलेल्या त्या वादळाचे आकडे अलिबागलाही नोंदले जात होते. नागाव तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे.