मास्टर भगवान

भगवान आभाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान (१ ऑगस्ट १९१३, अमरावती – ४ फेब्रुवारी २००२, मुंबई) हे हिंदी चित्रपटांतील अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते होते. चित्रपटसृष्टीत ते भगवानदादा या नावाने ओळखले जात. १९५१ सालच्या 'अलबेला' या संगीतप्रधान चित्रपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तत्पूर्वी सुमारे दशकभर ते मारधाडीच्या स्वस्त विनोदी चित्रपटांचे नायक होते, ही गोष्ट मात्र आज फारशी कोणाच्या लक्षात नाही.

प्रारंभिक जीवन

भगवान यांचे वडील कापड गिरणीत कामगार होते. अमरावतीत जन्मलेल्या भगवान यांचे बालपण मुंबईच्या गिरणगाव परिसरात गेले. शिक्षणापेक्षा त्यांचा ओढा तालीम आणि सिनेमा यांकडे अधिक होता. काही काळ त्यांनी मजुरीही केली. अमेरिकी नट डग्लस फेअरबँक्स हे त्यांचे दैवत होते. मूकपटांच्या अखेरच्या काळात 'क्रिमिनल' या चित्रपटातून त्यांनी पदार्पण केले.

स्टंटपट

१९३८ साली त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासह 'बहादुर किसान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली'ने (१९३५) स्टंटपटांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला होता. भगवान यांचे चित्रपट त्याच वर्गासाठी, पण त्याहून कमी पैशात तयार होत. उड्या, कुस्तीचे डाव, ठोसेबाजी आणि त्यातच पेरलेला विनोद असे त्यांचे स्वरूप असे. बदली कलाकार न घेता भगवान स्वतः हाणामारी करीत. मुख्य प्रेक्षक कामगारवस्तीतला होता. प्रतिष्ठित समीक्षकांनी या चित्रपटांची दखल क्वचितच घेतली. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ जंगलपटही दिग्दर्शित केला.

या पद्धतीत जोखीम नटांची असे. १९४०च्या दशकाच्या आरंभी एका दृश्यात भगवान यांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, दीर्घ उपचार घ्यावे लागले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिका म्हणून ललिताबाईंची कारकीर्द त्यामुळे खुंटली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांनी त्यांना वेगळी कीर्ती दिली.

भगवान १९४२ साली जागृती पिक्चर्सद्वारे निर्माते झाले. १९४७ साली त्यांनी चेंबूर येथे जागृती स्टुडिओ उभारला. १९४९ सालचा 'भेदी बंगला' हा त्यांचा रहस्यमय भयपट. या काळातील बहुतेक चित्रपटांच्या प्रती गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्याचे सांगितले जाते, त्यामुळे त्यांचे मूल्यमापन करणे अवघड झाले आहे.

अलबेला

सामाजिक चित्रपट काढावा असे राज कपूर यांनी सुचविल्यावर भगवान यांनी 'अलबेला'ची निर्मिती व दिग्दर्शन केले. रंगभूमीची स्वप्ने पाहणाऱ्या गरीब प्यारेलालची भूमिका त्यांनी स्वतः केली. नायिका गीता बाली होत्या. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी त्यांची जुनी मैत्री होती. 'वनमोहिनी' व 'सुखी जीवन' (१९४२) या भगवान यांच्या चित्रपटांतून रामचंद्र पुढे आले होते. 'अलबेला'त त्यांनी चितळकर या नावाने भगवान यांच्यासाठी पार्श्वगायनही केले. नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण नसलेल्या स्थूल भगवान यांनी खांदे व हात हलवत जी सैल पदन्यासाची शैली रूढ केली, तिचे ऋण अमिताभ बच्चन यांच्या नृत्यातही स्पष्ट दिसते.

उत्तरायुष्य

'झमेला' (१९५३) या चित्रपटाला आधीचे यश लाभले नाही. किशोर कुमार यांच्यासमवेतचा 'भागम भाग' (१९५६) हा धावपळीचा विनोदी चित्रपट उल्लेखनीय ठरला, परंतु आर्थिक घसरण थांबली नाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारी विकून ते दादरच्या चाळीत राहायला आले. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'चोरी चोरी' (१९५६) यांतील भूमिका सोडल्यास नंतर त्यांच्या वाट्याला बहुधा किरकोळ कामेच आली. गणेशोत्सवात मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबत आणि वृद्ध भगवानदादा खाली उतरून 'अलबेला'च्या गाण्यांवर नाचत, अशी आठवण दादर भागात सांगितली जाते. हृदयविकाराच्या झटक्याने दादर येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

२०१६ साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवान यांची, तर विद्या बालन यांनी गीता बाली यांची भूमिका केली.