जेम्स प्रिन्सेप : काशीचा धातुपरीक्षक

ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा पंडित म्हणून जेम्स प्रिन्सेप भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. तथापि त्याचा व्यवसाय रासायनिक परीक्षणाचा होता आणि त्यातील त्याचे मोलाचे कार्य काशीस घडले, याची दखल क्वचितच घेतली जाते.

प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. नेत्रविकारामुळे वास्तुकलेचे शिक्षण सोडून तो धातुपरीक्षेकडे वळला. १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन याचा साहाय्यक म्हणून तो आला व पुढील वर्षी काशीच्या टांकसाळीत धातुपरीक्षक झाला.

रुप्याचा नमुना शिशासह हाडांच्या राखेच्या मुशीत तापवावयाचा, हीण शिशाबरोबर राखेत जिरवावयाचे आणि उरलेला शुद्ध मणी तोलावयाचा, असे त्या परीक्षेचे स्वरूप होते. प्रिन्सेपने अत्यंत सूक्ष्म तराजू सिद्ध केला. परंतु भट्टीची आच कमी-अधिक झाली तर तराजूची सूक्ष्मता व्यर्थ ठरते. आणि पाऱ्याचा तापमापक तर भट्टीत टिकत नाही. म्हणून त्याने रुपे, सोने व प्लॅटिनम यांचे निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रधातू करून, त्यांतील कोणते तुकडे वितळले यावरून तापमान ठरविण्याची रीत काढली. याविषयीचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने १८२८ मध्ये प्रसिद्ध केला व त्याच वर्षी त्यास आपले सदस्यत्व दिले.

हीच मोजण्याची वृत्ती नगराकडेही वळली. त्याने काशीचा नकाशा केला, लोकगणना केली, सांडपाण्यासाठी भुयारी मार्ग बांधला. दशाश्वमेध घाटाचे बांधकाम पेशवे बाळाजी बाजीरावांच्या नावाशी जोडले जाते. तो घाटही प्रिन्सेपच्या काशीविषयक चित्रसंग्रहात आला आहे.

१८३० मध्ये काशीची टांकसाळ बंद झाली आणि तो कलकत्त्यास परतला. १८३२ पासून तो एशियाटिक सोसायटीचा कार्यवाह होता. येथेही त्याने प्रथम शिलालेखांचे व नाण्यांचे निर्दोष ठसे मिळविण्यावर भर दिला. सांची येथील अनेक लेखांच्या अखेरीस येणारी तीच अक्षरे दानवाचक असावीत, हे त्याने ताडले आणि १८३७ मध्ये ब्राह्मी वाचली गेली. अतिश्रमाने खचून तो पुढील वर्षी मायदेशी गेला व २२ एप्रिल १८४० रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, निवर्तला.

त्याच्यापुढील प्रश्न आजही निराळ्या रूपाने उभा आहे. द्रव्यमान-वर्णपटमापक हे यंत्र अणूंचे वस्तुमान अतिसूक्ष्मपणे मोजते. मात्र ते विद्युत्‌भारित अणूच, म्हणजे आयनच, ओळखते. आयनीभवन अपुरे असेल तर मापनही अपुरे. तापमानानुसार आयनीभवन किती होते, हे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणाने दाखविले. १९८० पासून नमुन्याचे आयनीभवन करण्यासाठी आर्गॉन वायूचा, हजारो अंश तप्त असा आयनद्रायू वापरात आला. त्यात रुप्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक अणू आयन होतात, सोन्याचे मात्र सुमारे निम्मेच. प्राचीन नाण्यांचे घटक आज या रीतीने तपासले जातात, आणि त्यातही आचेचे नियमन हेच निर्णायक असते.

वस्तू वाचण्याआधी ती वाचनीय करावी लागते, हा बोध प्रिन्सेपने भट्टीपासून घेतला असावा असे वाटते. त्याच्या लिपिसंशोधनाचे मूळ शोधणाऱ्याने काशीची टांकसाळ विसरू नये.