एकविसाव्या वर्षी पंधरा पौंड

समजा, तुम्हाला एकवीस पूर्ण झाली आणि सरकारने हातात पैसे ठेवले. कर्ज नाही, स्कॉलरशिप नाही, मार्कांची अट नाही. तुमचा वाटा म्हणून. ही कल्पना कुठल्या जाहीरनाम्यातली नाही, 1797 सालची आहे. मांडणारा थॉमस पेन. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, तोच हा.

जन्म 1737 चा, इंग्लंडमधल्या थेटफर्डचा. वडील बायकांच्या कॉर्सेट शिवायचे. पेन अबकारी खात्यात लागला, सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी पत्रक लिहिलं. 1774 मध्ये नोकरी गेली, त्याच वर्षी त्याने अमेरिका गाठली. 1776 च्या ‘कॉमन सेन्स’ने तो गाजला, हे क्विझवाल्यांना माहीत असतंच. पुढे फ्रान्समध्ये क्रांतिकारकांना राजाला मारू नका म्हणाला, आणि नंतर महिनोन्‌महिने तुरुंगात बसला.

सुटल्यावर त्याने ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ ही छोटी पुस्तिका लिहिली. मुद्दा सरळ होता. जमीन मुळात सगळ्यांची. ज्यांनी ती आपल्या नावावर केली, ते बाकीच्यांचं भाडं लागतात. म्हणून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला, मुलींनाही, एकदाच पंधरा पौंड. पन्नाशीनंतर दरवर्षी दहा पौंड. श्रीमंतांच्या पोरांनाही, कारण हे दान नव्हे, हक्क.

पैसा कुठून? खरी गंमत इथे आहे. म्हाताऱ्यांची पेन्शन त्याने तरुणांच्या कमाईतून काढली नाही. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेचा साधारण दहावा हिस्सा निधीत जाणार, आणि त्याच निधीतून दोन्ही वयांना मिळणार. आजोबा विरुद्ध नातू असा सामनाच नाही!

पेन 1809 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. बरोबर शंभर वर्षांनी, 1909 पासून, ब्रिटनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झाली, तीही सरकारी तिजोरीतून. तरुणांचा वाटा मात्र राहूनच गेला. सप्टेंबर 2002 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावावर तिथल्या सरकारने थोडे पैसे ठेवायला सुरुवात केली, बहुतेकांना 250 पौंड, अठराव्या वर्षी काढता येतील असे. 2011 मध्ये नव्या बाळांसाठी ती योजना बंद झाली. त्याच वर्षापासून सरकारी पेन्शन महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढी दरवर्षी वाढवायचं धोरण आलं. आणि 2012 मध्ये इंग्लंडमधल्या कॉलेजांची फी वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत गेली.