देहाहून वेगळा ‘मी’ : डॉ. रोबेर्तो असाजोली

मनोरोगांची चिकित्सा करीत असता मनुष्याच्या आध्यात्मिक भुकेचीही दखल घेतली पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादन करणाऱ्या पाश्चात्य वैद्यांत डॉ. रोबेर्तो असाजोली यांचे नाव अग्रभागी येते. इटलीतील व्हेनिस नगरात एका ज्यू कुटुंबात २७ फेब्रुवारी १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. पिता बालपणीच निवर्तले. मातेने पुनर्विवाह केला व सावत्र पित्याचे असाजोली हे आडनाव त्यांना मिळाले. हे सावत्र पिता वैद्य होते. माता थिऑसफीकडे ओढा असलेली होती. औषधविद्या आणि अध्यात्मजिज्ञासा अशा दोन्ही गोष्टी या पुत्राला घरातच लाभल्या.

१९०४ साली कुटुंब फ्लॉरेन्सला आले. तेथे वैद्यकाचा अभ्यास करून १९१० साली त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय मनोविश्लेषण हा होता. झुरिक येथील बुर्गहोल्झली रुग्णालयात ब्लॉयलर यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले, युंग यांच्याशी स्नेह जोडला. हा तरुण इटलीत आपल्या मताचा प्रसार करील, अशी फ्रॉइड यांच्या मंडळींना आशा वाटत होती. ती फलद्रूप झाली नाही. फ्रॉइड यांनी मनाचे तळघर धुंडाळले हे असाजोली यांना मान्य होते. परंतु घराला वरचे मजले असतात, गच्ची असते, तेथून आकाश दिसते, त्याचा विचार कोणी करावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. दडपलेली कामवासना जशी रोग उत्पन्न करते, तशी दडपलेली सत्प्रवृत्तीही करते, असा त्यांचा अनुभव होता. १९२६ साली त्यांनी रोम येथे आपली संस्था स्थापिली आणि आपल्या पद्धतीस ‘सायकोसिंथेसिस’, म्हणजे मनःसंश्लेषण, हे नाव दिले.

या पद्धतीचा गाभा एका अभ्यासात आहे. साधकाने शांत बसून क्रमाने निश्चय करावयाचा, की मला देह आहे, परंतु मी देह नव्हे. मला भावना आहेत, परंतु मी भावना नव्हे. मला बुद्धी आहे, परंतु मी बुद्धीही नव्हे. ज्या विकाराशी मनुष्य एकरूप होतो, तो विकार त्याच्यावर सत्ता गाजवितो. ज्याच्याकडे तो वेगळा राहून पाहतो, त्याच्यावर त्याची सत्ता चालू लागते. क्रोध आला म्हणजे ‘मी क्रोधी’ असे न म्हणता ‘माझ्या ठिकाणी क्रोध उठला आहे’ असे जाणावे. देहाभिमान आणि विकार-विकल्प यांचा विचार ज्यांनी आचारप्रकरणात केला आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. दुसरा एक उपाय म्हणजे शांती, धैर्य, आनंद असे शब्द पत्रिकांवर लिहून दृष्टीसमोर ठेवणे. नामस्मरणाशी याची गल्लत मात्र होऊ नये. तेथे शब्द मनाला वळण लावतो एवढेच, नामाच्या ठायी नामी असतो.

त्यांच्या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. मुसोलिनीच्या राजवटीत १९३८ साली संस्था बंद पडली. १९४० साली त्यांना अटक होऊन रोमच्या रेजिना चेली कारागृहात सुमारे २७ दिवस ठेवण्यात आले. शांततेसाठी प्रार्थना करणे व इतरांस तिकडे वळविणे, हा त्यांचा अपराध! एकान्त कोठडीत त्यांनी विचार केला, की या प्रसंगाला कसे सामोरे जावे हे निवडण्याची मोकळीक कोणी हिरावून घेतलेली नाही. संताप करावा, हताश व्हावे, की याला एकान्तवास समजावे? त्यांनी तिसरा मार्ग धरला. दिनक्रम आखला, ध्यान केले, टिपणे लिहिली. सक्तीने घडलेले ते एक विजनच होते. विजनाचे व्रत स्वेच्छेने घेणाऱ्या महात्म्यांसही मन कोठे कोठे धावते हे ठाऊक आहे. तेव्हा या गृहस्थाचे मोल कमी लेखू नये.

सुटकेनंतरही छळ संपला नाही. १९४३ मध्ये त्यांना डोंगरात लपून राहावे लागले; फ्लॉरेन्सजवळचे कुटुंबाचे शेतघर उद्ध्वस्त करण्यात आले. एकुलता पुत्र इलारियो १९५१ साली वयाच्या २८ व्या वर्षी फुफ्फुसाच्या रोगाने गेला. असाजोली पुन्हा रुग्णांकडे व लेखनाकडे वळले. १९६५ साली त्यांचा प्रमुख ग्रंथ आणि १९७३ साली संकल्पशक्तीवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. संकल्प केवळ बळकट असून भागत नाही, तो कुशल आणि सद्हेतूचाही असावा, असे त्यांनी तेथे मांडले आहे.

येथे मतभेदाची जागाही दाखविणे अवश्य आहे. असाजोली यांनी अंतरीच्या ‘मी’च्या वर एक उच्च आत्मा मानला आणि त्याचा विश्वात्म्याशी ऐक्यसंबंध सुचविला. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व अनादी मानणाऱ्यास हे मान्य होणार नाही. देहापासून ‘मी’ वेगळा केला तरी जीवाची अनादी अविद्या तशीच राहते. ती छेदणे जीवाच्या संकल्पाचे काम नव्हे, परमेश्वराच्या कृपेचे आहे. अभ्यासाने मन निवळते, साधकास आचरणाची योग्यता येते, येथवर त्यांच्याशी चालता येते. त्यांनी स्वतः आपली पद्धती हा धर्म नव्हे, ती दारापर्यंत नेते, आत काय आहे ते सांगत नाही, अशी मर्यादा घालून घेतली होती. हा प्रामाणिकपणा पुष्कळ गुरुपद मिरविणाऱ्यांत आढळत नाही.

उतारवयात त्यांना ऐकू येईनासे झाले. भेटीस येणारे आपले प्रश्न कागदावर लिहून देत. २३ ऑगस्ट १९७४ रोजी अरेत्सोजवळील कापोलोना येथे, ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातच्या लहान लहान चिठ्ठ्यांचा मोठा संग्रह फ्लॉरेन्स येथील त्यांच्या राहत्या घरात, संस्थेने जतन केला आहे.